'आधी माग थांबव' : आजी-आजोबांनी हाताला लावलेल्या गोष्टी

भवानीपेठी (धागाकर्ता)

मागच्या गुरुवारी रात्री दीड वाजता ऑफिसचा कॉल चालू होता. ग्राहकाची सिस्टीम बसलेली, कॉलवर अकरा माणसं, आणि जो तो आपापल्या बाजूनं काहीतरी बदलून बघतोय. एकानं काय केलं ते दुसऱ्याला माहीत नाही. पाऊण तास मी हे ऐकलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "अरे आधी माग थांबवा की बे!" सगळे गप्प. मग दिल्लीची मॅनेजर म्हणाली, "माग क्या होता है?"

तिला समजावत बसलो नाही. सगळ्यांचे हात थांबवले, शेवटचे बदल एकेक करून मागे घेतले आणि चूक सापडली. माझ्याच टीमची निघाली, तो भाग वेगळा.

ते वाक्य आण्णांचं. आण्णा म्हणजे माझे आजोबा, सोलापुरात साखर पेठेतल्या एका कारखान्यात चादरीच्या मागावर (विणायच्या यंत्रावर) होते. (बाहेरगावच्यांसाठी : आमच्या पूर्व भागात कारखाना म्हणजे चिमणीबिमणी काही नाही. घराच्या मागं पत्र्याची शेड, आत सहा-आठ माग, झाला कारखाना.) त्याआधी ते गिरणीत होते. गिरणी सुटल्यावर, चाळिशी उलटून गेलेली असताना, नव्यानं जेकार्ड, म्हणजे चादरीत नक्षी विणायचं यंत्र, शिकले. शिकवणारा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, आजीकडून कळलं.

मी चौथीत असताना सकाळची शाळा सुटली की आण्णांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं होतं. डबा रिकामा होईपर्यंत मी सुताच्या पोत्यावर बसायचो. मागांचा आवाज एवढा, की बोलायची सोयच नाही. त्यामुळं आण्णांनी तिथं जे शिकवलं ते जवळजवळ मुक्यानं, बोटांनी आणि भुवयांनी.

जुन्या मागाची एक गंमत आहे. आडवा धागा, म्हणजे इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचा, तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबतो. तिथं एक छोटा काटा असतो, त्याला धागा लागला नाही की खटका पडतो. पण ताण्यातला उभा धागा तुटला तर मागाला पत्ताच नसतो, तो धडाधड विणत राहतो. कापडात बारीक रेघ पडत जाते. तुटकं टोक शेजाऱ्यांत अडकलं तर आणखी चार धागे घेऊन जातं आणि जाळं होऊन बसतं. हे विणकरानंच डोळ्यांनी टिपायचं, शेकडो धाग्यांतला एक. मे महिन्यात तर विचारूच नका. हवा कोरडी पडली की सूत पटापट तुटतं, म्हणून शेडमध्ये जमिनीवर पाणी मारायचे.

एकदा तसा तुटलेला धागा मला आधी दिसला. मी मोठ्या ऐटीत चालत्या मागात बोट घालायला गेलो. आण्णांनी एका हातानं माझी मानगूट धरली, दुसऱ्यानं दांडा ओढला. माग थांबल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला, "आधी माग थांबव. मग बघ कुठं तुटलंय. मग गाठ." मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली नाही, उलट गाठ मारायला मलाच लावलं. माझ्या त्या एका गाठीला दहा मिनिटं गेली असतील. मजुरी नगावर होती, म्हणजे तेवढी दहा मिनिटं त्यांनी पदरचे पैसे घालून माझी शिकवणी घेतली. हे लक्षात यायला मला वीस वर्षं लागली.

दुसरी आठवण वहीची. आत्याच्या लग्नाला आण्णांनी मालकाकडून उचल घेतली, आयुष्यात एकदाच. उचल फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नाही आणि दर हप्त्याला थोडे थोडे कापतात. आण्णांना लिहिण्या-वाचण्याचं बेताचंच, सगळा हिशोब तोंडी. त्यांनी मला एक वही आणायला लावली. दर शनिवारी रात्री जेवणं झाली की मी लिहायचो : चादरी किती, दर काय, कापले किती, राहिले किती. दोन-अडीच वर्षांनी ते वही घेऊन मालकाकडं गेले, सोबत मी. दोन ठिकाणी मालकाच्या वहीत चूक निघाली, एका ठिकाणी माझ्या. आण्णांनी आधी माझी सांगितली. मी तेव्हा चिडलो होतो. नंतर बघितलं की त्यामुळं मालकानं बाकीच्या दोन न भांडता मान्य केल्या.

तर तुमच्याकडं असं काही आहे का? 'संस्कार' हा शब्द शक्यतो टाळा, त्यावर दुसरे धागे आहेत. हातानं करता येईल असं सांगा.

हुरडाप्रेमी

भारी धागा! (हो, मुद्दाम.) त्या गाठीचा फोटो टाका ना.

भवानीपेठी

लिहून बघतो. नेहमीची गाठ जाड होते, मागाच्या फणीच्या दातांतून जात नाही, धागा पुन्हा तुटतो. ही चपटी असते. डाव्या चिमटीत दोन्ही टोकं फुलीसारखी धरायची, खालच्या धाग्याचा वेढा अंगठ्यावरून घेऊन मागनं फिरवून दोन टोकांच्या मधे आणायचा, मग वरचं टोक अंगठ्यावरच्या वेढ्यात दाबायचं आणि ओढायचं. शेपटं कात्रीनं काढायची. बघा जमतंय का.

हुरडाप्रेमी

नाही जमलं. पायजम्याची नाडी वाया गेली. फोटोच टाका.

मालदांडी

माझी आजी मंगळवेढ्याकडची. तिथल्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी तुम्हाला माहीत असेलच, माझा आयडीच सांगतोय. आमच्या वाड्यात पेव होतं. नव्या पिढीसाठी : पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं धान्याचं कोठार. आत कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं ज्वारी राहायची. दुष्काळाचा मुलूख, त्यामुळं पेवातली ज्वारी हीच ठेव.

पेव उघडायचं म्हणजे घरात सणासारखी गडबड. आम्ही पोरं आत उतरायला टपलेली. आजी काठी घेऊन तोंडाशी बसायची. दगड काढला की पहिला दिवस नुसतं उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडायची. ज्योत मंद झाली किंवा विझली तर त्या दिवशीही कोणी उतरायचं नाही. नीट जळत राहिला तरी आधी एक गडी, त्याच्या कमरेला दोरी, दोरीचं टोक वर दोघांच्या हातात. आजीला प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड हे शब्द माहीत नव्हते. धान्यसुद्धा श्वास घेतं, बंद पेवातली हवा संपवून टाकतं आणि जड वायू तळाशी साठतो, हे मी नववीच्या विज्ञानात शिकले आणि घरी येऊन तिला समजावलं. ती म्हणाली, "मग मी काय सांगायलते इतके दिवस?"

आता पेव बुजवलंय. पण पाण्याची टाकी धुवायला माणूस आला की मी झाकण काढून तासभर त्याला चहा पाजत बसवते. सोसायटीतले हसतात. हसू देत.

खवचट सोलापूरकर

माझ्या आजोबांनी मला रमी शिकवली. एवढंच.

गिरणी बंद झाल्यावर आजोबा, त्यांचे साचेखात्यातले (गिरणीच्या विणकाम विभागातले) तीन मित्र आणि एक लिंबाचं झाड. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, भोंगा वाजत नव्हता तरी पाळीच ती. घर आजीनं चालवलं, चार घरी भाकऱ्या थापून. धाग्यात सगळ्यांचे आजोबा हिरो निघणार म्हणून ही नोंद.

अवांतर : कुठला पत्ता गेलाय आणि कुठला राहिलाय हे लक्षात ठेवायची सवय मात्र त्या झाडाखालीच लागली. बँकेत नोकरी करतो. म्हाताऱ्याला श्रेय द्यायचं जिवावर येतं, पण आहे.

मालदांडी

@खवचट, आजीबद्दल एकच ओळ? चार घरच्या भाकऱ्या म्हणजे रोजच्या साठ-सत्तर. कधी थापून बघा.

खवचट सोलापूरकर

बघितल्यात. आजी पडली होती तेव्हा दोन महिने मीच थापल्या, अकरावीत होतो. पीठ गरम पाण्यात मळायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, चिरा पडायच्या बंद होईस्तोवर. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या गिऱ्हाइकांनी परत पाठवल्या. आजी खाटेवरून सांगायची, "पिठाला घाई कळते." बाकी लिहीत नाही, ऑफिसात आहे.

सूप

वाचत होते, लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

माझी आजी विडी कामगार. सोलापुरात पूर्व भागात प्रत्येक दुसऱ्या घरात सूप मांडीवर घेतलेली बाई असायचीच, त्यामुळं कुणाला त्यात विशेष वाटत नाही. आदल्या रात्री पानं भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची. मग तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंडं बंद करायची. रोजच्या हजार विड्या. त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं तपासणारा मूठ मूठ उचलून छाट काढणार. छाट म्हणजे नापास विड्या, त्यांचे पैसे नाहीत. पान खराब दिलं तरी छाट आपल्याच माथी.

भवानीपेठी, तुमचं लेखन आवडलं, तरी एक टोचलं. आजी माझी हिरो आहे, पण तिचं काम हिरो नव्हतं. साठीत तिची बोटं सरळ होत नव्हती आणि खोकला तर घरातल्या घड्याळासारखा. 'हाताला लावलेली गोष्ट' असं छान लिहिताना तो हातही आठवावा.

तिनं मला काय शिकवलं? कार्डावरच्या नोंदी वाचायला. पीएफचा नंबर मला सहावीतच पाठ होता. किती दिवस भरले, कुठला दिवस मांडलाच नाही, हे मी कार्ड बघून सांगायचे आणि आजी दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन विचारायची. एकटी नाही, शेजारच्या सहा जणी सोबत. एकटीनं विचारलं की छाट वाढते, हे तिचं गणित. मोर्चालाही तशाच जायच्या, डबा बांधून. २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, त्यातलं एक तिचं. दारावर पाटी तिच्या नावाची. तिनं चावी पहिल्यांदा उलटी लावली होती, कारण आधीच्या खोलीला कुलूप कधी लागलंच नव्हतं.

आणि तिनं मला विडी वळायला शिकवलं नाही. आसपासच्या माझ्या वयाच्या सगळ्या मुलींना यायची. मी पाच-सहा वेळा सूप ओढून घेतलं असेल. प्रत्येक वेळी तिनं ते काढून घेतलं आणि माझ्यापुढं पाटी सरकवली. शिकवायचं नाही असं ठरवून तीस वर्षं पाळलेली ती एकच गोष्ट. या धाग्यात बसते का, बघा.

भवानीपेठी

@सूप, बसते. मी वर 'मुक्यानं शिकवलं' असं कौतुकानं लिहून गेलो. पासष्टीनंतर आण्णांना ऐकू यायचं नाही, ते त्याच आवाजानं. घरात सगळे ओरडून बोलायचे आणि पाहुण्यांना वाटायचं आमच्याकडं रोज भांडणं होतात. ते लिहायचं राहिलं.

नळ आला

माझी नोंद छोटी. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, हे गृहीत धरून वाचा. आजीचा क्रम ठरलेला : आधी प्यायचं, गाळून हंड्यात. मग स्वयंपाकाचं, मग पिंप, आणि सगळ्यात शेवटी बादल्या. नवं पाणी आलं म्हणून जुनं ओतायचं नाही, पाणी काही शिळी भाजी नव्हे. हौदाचं गढूळ पाणी आलं तर तुरटीचा खडा चार-पाच वेढे फिरवायचा, गाळ खाली बसेपर्यंत हंडा हलवायचा नाही. गढूळपणा जातो, जंतू जात नाहीत, म्हणून वर उकळायचंही. पुण्यात आल्यावर रोज नळ बघून मला पहिले सहा महिने अपराधी वाटायचं.

मुत्याचा नातू

आमच्याकडं आजोबांना मुत्या म्हणतात. मधल्या मारुतीजवळ छोटं दुकान. मुत्यांकडून शिकलो ते गिऱ्हाईक दारात चढताना ओळखणं : इंडीकडनं आलेल्याला कानडीत "एष्टु", विणकराच्या बाईला तेलुगूत "एंत", आणि विजापूर वेशीतल्या खालांना दखनीत "कित्ते कू देऊं?" मराठी तर होतीच. चारही भाषा मोडक्या, पण आकडे चारही भाषांत पक्के. मला सुट्टीत गल्ल्यावर बसवायचे आणि अट एकच, गिऱ्हाइकाच्या भाषेत किंमत सांगायची. चुकलो तर गिऱ्हाईकच दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त केल्यावर बहुतेक वेळा घ्यायचंही. घासाघीस करायला जीभ सैल झाली की माणूस परत जात नाही, म्हणायचे.

जानेवारीत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचे. नावं म्हणायला लावायचे : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. फाशीचा दिवस १२ जानेवारी १९३१. "चौघं चार घरचे बे. दिवस एकच." एवढं बोलून दुकान उघडायला परत.

बाराबंदी

जानेवारीचा विषय निघालाच आहे तर गड्ड्याचं, म्हणजे आमच्या जत्रेचं सांगतो. आमचे आजोबा सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच जड काठी, पेलायचे. सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना फेरी, अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी (बंदांचा अंगरखा). लोकांना ती मिरवणूक दिसते, त्याआधीचा सराव दिसत नाही. संध्याकाळी काम सुटलं की मोकळ्या जागेत जायचं.

मी सोळाव्या वर्षी पहिल्यांदा सरावाला उभा राहिलो. मला वाटलं ताकदीचं काम. आजोबा म्हणाले, ताकद रेड्याला पण असते. काठी सरळ असेल तोवर वजन नाही, तिरकी झाली की सगळा डोंगर अंगावर. नजर वर ठेवायची, पाय छोटे टाकायचे. आणि दम संपायच्या आधी पुढच्याला हाक मारायची, संपल्यावर नाही. पहिल्या वर्षी मी हाक मारली नाही, दोस्त बघायलेत म्हणून. काठी कलली, चौघांनी धावून सावरली. आजोबांनी उरलेला सगळा हंगाम मला पाणी वाटायला ठेवलं. पुढच्या वर्षी मीच सगळ्यात आधी हाक मारणारा. दोस्त आजही चिडवतात.

आता वडिलांचं डायलिसिस चालू आहे. आम्ही तिघं भाऊ आळीपाळीनं जातो, आणि कोण थकलंय ते आधीच सांगायचं असं ठरवून घेतलंय. कुठून आलं ते तिघांनाही माहीत आहे.

हुरडाप्रेमी

_/\_ काळजी घ्या सगळे.

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून विचारतो, सोलापूरच्या आजींचा धागा आणि शेंगाचटणी अजून कशी नाही?

मालदांडी

वाटच बघत होते. शेंगा (म्हणजे शेंगदाणे) मंद आचेवर खमंग भाजून सालं काढायची. दोन वाट्या शेंगांना आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट, मीठ. उखळात कुटायचं. तेल सुटून गोळा व्हायला लागला की थांबायचं. मिक्सरमध्ये केलेल्याला आमच्याकडं कूट म्हणतात, चटणी नाही.

खवचट सोलापूरकर

मिक्सर थांबत थांबत फिरवला तर होते. एकदम फिरवायचा नाही, झटके द्यायचे. आजीच्या हाताखाली तयार झालेला माणूस सांगतोय.

मालदांडी

भाकऱ्या थापल्यात म्हणून ऐकून घेते. नाहीतर.

भवानीपेठी

गाठीच्या फोटोसाठी तिघांचे मेसेज आलेत. काल रात्री प्रयत्न केला, पण गाठीला दोन्ही हात लागतात आणि मोबाईल धरायला तिसरा नाही. बायको म्हणाली व्हिडिओ काढते, तर तिच्या मते माझा अंगठाच मधे येतो. आज कपाटातून आण्णांची छोटी कात्री काढली, गंजलीय पण चालते. लेक चार वाजता शाळेतून येईल. तिच्या हातात धागा देतो आणि फोटो मी काढतो. दहा मिनिटं लागतील, जास्तही लागतील. थांबा.